कप्तानाचा चेहरा आणि कप्तानाची रोजनिशी

आठव्या आज्ञेचा पाठ धर्मशिक्षणाच्या वर्गात तासाभरात आटोपतो. खोटी साक्ष देऊ नये, खोटे बोलू नये, हे मुलांना सहज पटते. पण त्याच मुलांच्या घरात एखादे वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले आणि डॉक्टरांनी मान हलविली, की घरातली मोठी माणसे दाराआड कुजबुजू लागतात. आजाऱ्याच्या खोलीत शिरताना प्रत्येक जण चेहरा नीट करून घेतो. मुले हे पाहतात. आपण शिकविलेल्या आज्ञेचे या दाराआड काय होते, हा प्रश्न मुले विचारीत नाहीत, म्हणून आपण स्वतःला तो विचारावा. दिसतो तितका तो सोपा नाही. त्याचा उलगडा करताना मला एकोणिसाव्या शतकातील एका उत्तर ध्रुवीय मोहिमेची नेहमी आठवण होते. त्या मोहिमेचे दोन नायक होते. एकाने आपली निराशा रोजनिशीत लपविली, दुसरा पुढे चित्रकार झाला.

चित्रकार झालेला तो युलियुस पायर. त्याचा जन्म १८४१ साली बोहेमियात, टेप्लिट्झजवळ झाला. ऑस्ट्रियाच्या सैन्यात तो अधिकारी होता. आल्प्स पर्वतातील कित्येक शिखरे चढून त्याने त्यांचे नकाशे तयार केले होते. आडामेल्लो शिखरावर १८६४ साली प्रथम पोहोचणारा तोच. १८६९-७० मध्ये जर्मन मोहिमेबरोबर तो ग्रीनलंडलाही जाऊन आला होता. दुसरा कार्ल वाइप्रेख्ट, जन्म १८३८, डार्मश्टाटचा. तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमारातील शांत, मितभाषी अधिकारी होता. १८७२ च्या जून महिन्यात ‘आडमिराल टेगेटहोफ’ नावाच्या जहाजातून ही मोहीम ब्रेमरहाफेन बंदरातून उत्तरेकडे निघाली. समुद्रावर हुकूम वाइप्रेख्टचा, जमिनीवर पायरचा, अशी वाटणी ठरली होती. काउंट विल्चेक यांनी व इतर धनिकांनी मोहिमेला पैसा पुरविला. खलाशी बहुतेक एड्रियाटिक समुद्राच्या काठचे, इस्ट्रिया व डाल्मेशियाच्या बंदरांतले आणि बेटांवरचे. उन्हाळी समुद्राची ही माणसे हिमसागरात काय टिकणार, अशी शंका पुष्कळांनी घेतली होती. तिरोलच्या डोंगरातले दोन वाटाडे होते आणि वैद्य हंगेरीचा होता. एका बादशहाच्या छत्राखालच्या इतक्या नाना भाषा त्या लहानशा जहाजात कोंबल्या होत्या.

ऑगस्टच्या अखेरीस, नोवाया झेम्ल्या बेटांजवळ, जहाज बर्फात अडकले. ते पुन्हा कधीच सुटले नाही. काही दिवसांत सुटका होईल, मग काही आठवड्यांत होईल, असे म्हणता म्हणता वर्ष गेले. बर्फाचे अफाट तुकडे जहाजाच्या अंगावर चढत, लाकडे करकरत, आणि कोणत्याही रात्री जहाज सोडून बर्फावर उतरावे लागेल म्हणून माणसे तयारीत झोपत. महिनेच्या महिने सूर्य नसे. दर रविवारी शुभवर्तमान वाचले जाई. दूर कोठेतरी चोवीस माणसे प्रवाहाबरोबर वाहत होती, आणि आपण कोठे वाहत आहोत हे ठरविणे त्यांच्या हातात नव्हते. अशा स्थितीत ३० ऑगस्ट १८७३ रोजी धुके उघडले आणि समोर डोंगर दिसले. कोणत्याही नकाशात नसलेला तो प्रदेश. त्याला त्यांनी आपल्या बादशहाचे, फ्रान्झ जोसेफचे, नाव दिले. ही भूमी त्यांनी शोधली असे म्हणण्यापेक्षा बर्फानेच त्यांना तिच्यापाशी नेऊन सोडले, असे म्हणणे अधिक खरे.

पुढच्या वसंतात पायरने घसरगाड्या घेऊन त्या द्वीपसमूहाचा प्रवास केला. थंडी उणे पन्नास अंशांपर्यंत जाई. त्या प्रवासातला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. एका हिमनदीवरून जाताना अचानक भेग उघडली, आणि झानिनोविच नावाचा डाल्मेशियन खलाशी, कुत्री व गाडी खाली गेली. गाडीच्या दोराला पायर स्वतः बांधलेला होता. तो कड्याकडे ओढला जाऊ लागला. त्याने दोर कापला. खालच्या माणसाला ओरडून धीर दिला, आणि बेटावर मागे राहिलेल्या सोबत्यांना आणण्यासाठी जड कपडे व बूट फेकून देऊन तो बर्फावरून धावत सुटला. सोबती आले, दोर सोडले, झानिनोविच जिवंत वर आला. कुत्रीही वाचली. दूरून पाहणाऱ्याला दोर कापणे हा विश्वासघातच वाटला असता. १२ एप्रिल १८७४ रोजी ८२ अंश अक्षांशाच्या आसपास, द्वीपसमूहाच्या उत्तर टोकाशी पोहोचून पायर मागे फिरला. तत्पूर्वी, मार्चमध्ये, यंत्र सांभाळणारा ओटो क्रिश क्षयाने वारला होता. विल्चेक बेटावर त्याला पुरले.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. जहाजावर तिसरा हिवाळा काढणे म्हणजे मरण, हे वाइप्रेख्टला स्पष्ट दिसत होते. स्कर्वीने माणसे आधीच पोखरली होती. २० मे १८७४ रोजी जहाज सोडून, होड्या व शिधा गाड्यांवर लादून, मोकळे पाणी गाठण्यासाठी ते दक्षिणेकडे निघाले. बर्फ गुडघ्याएवढे मऊ, गाड्या रुतत. एकच वाट पुन्हा पुन्हा तुडवून सामान टप्प्याटप्प्याने पुढे न्यावे लागे. त्यातच दक्षिणेचा वारा सुटला. माणसे बर्फावरून दक्षिणेकडे ओढीत होती, आणि ज्या बर्फावर ती चालत होती तो सबंध बर्फ उत्तरेकडे सरकत होता. दोन महिने ढोर मेहनत केल्यावर मोजमाप घेतले, तेव्हा जहाजापासूनचे अंतर भरले जेमतेम दोन जर्मन मैल, म्हणजे सुमारे पंधरा किलोमीटर.

जहाज मागे होतेच. तेथे छप्पर होते, बिछाने होते, चूल होती. सुरुवातीच्या दिवसांत काही जण राहिलेले सामान आणायला तेथे परत जाऊनही आले होते. दमलेल्या माणसाला त्या तीन डोलकाठ्यांची किती ओढ लागली असेल, हे समुद्रावर जाणाऱ्या घरांतील वाचकांना मी सांगावयास नको. परत जाऊ या, अशी भाषा सुरू झाली. वाइप्रेख्टने ती चालू दिली नाही. मागे जावयाचे नाही, असे त्याने सांगितले. सांगताना त्याचा चेहरा शांत होता.

त्याच काळात तो आपल्या रोजनिशीत काय लिहीत होता, हे आज आपल्याला ठाऊक आहे. वाया जाणारा प्रत्येक दिवस आपल्याला शवपेटीच्या अधिक जवळ नेत आहे, परिस्थिती मुळापासून पालटली नाही तर आपण संपलो, आणि तरीही आपण सर्वांसमोर निर्विकार चेहरा ठेवून वावरतो, अशा आशयाची ती नोंद आहे. निराशा माणसाला कोठेतरी ओतावीच लागते. त्याने ती कागदावर ओतली.

वाचकहो, हा कप्तान खोटे बोलला काय?

या प्रश्नाला ‘परिस्थितीच तशी होती, चालायचेच’ असे उत्तर देऊन मोकळे होण्याची सवड ख्रिस्तसभेची परंपरा देत नाही. संत ऑगस्टीनने असत्यभाषणावर दोन ग्रंथ लिहिले आणि कोणाचा जीव वाचविण्यासाठीही खोटे बोलू नये, इतकी कठोर भूमिका घेतली. संत थॉमस अक्वायनस त्याच वाटेने गेले. तेव्हा ‘चांगल्यासाठी खोटे’ ही पळवाट आपल्याकडे नाही, आणि ती नसावी असेच माझेही मत आहे. एकदा ती उघडली, की प्रत्येक खोटे चांगल्यासाठीच बोलले जाते.

परंतु याच ऑगस्टीनने एक भेद केला आहे आणि तो महत्त्वाचा आहे. सत्य मौनाने झाकणे वेगळे, आणि बोलून असत्य पुढे करणे वेगळे. उदाहरण म्हणून तो अब्राहामाचा दाखला देतो. परदेशात अब्राहामाने सारेला आपली बहीण म्हटले. ती त्याची सावत्र बहीण होतीच, असे उत्पत्तीच्या पुस्तकात तो स्वतः सांगतो. ती पत्नी आहे हे त्याने झाकले, पण बोलला ते खोटे नव्हते. (अब्राहामाचे ते वागणे शोभले का, हा प्रश्न निराळा. सारेचे मत कोणी विचारले नाही.) अक्वायनसही हाच दाखला देऊन म्हणतात, की सत्य शहाणपणाने झाकून ठेवणे योग्य ठरू शकते, खोटे बोलणे कधीच नाही.

हा भेद घेऊन त्या बर्फावर परत जाऊ. वाइप्रेख्ट म्हणाला काय? ‘आठवड्यात पाणी लागेल’ असे तो म्हणता, तर ते खोटे झाले असते, कारण त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता. तो म्हणाला, मागे नाही. हा हुकूम आहे, भविष्यकथन नव्हे. हुकूम शहाणा असेल वा मूर्ख, न्यायाचा असेल वा अन्यायाचा, पण त्याला खरा किंवा खोटा म्हणता येत नाही. त्यामागे जो विचार होता, की जहाजावर परतणे म्हणजे नक्की मरण, तो तर त्याला प्रामाणिकपणे पटलेला होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याने कोणतीही वस्तुस्थिती दडविली नव्हती. बर्फ सर्वांच्या पायाखाली होते, वारा सर्वांच्या तोंडावर येत होता, जहाज सर्वांना दिसत होते. त्याने दडविली ती एकच गोष्ट, या सगळ्याचा त्याच्या अंतःकरणाने काढलेला निष्कर्ष.

आणि तो निष्कर्ष चुकीचा निघाला.

येथे मी थोडा रेंगाळणार आहे. जुलैच्या उत्तरार्धात वारा फिरला, पाऊस आला, बर्फात पाण्याच्या वाटा उघडल्या. ऑगस्टच्या मध्यास हिमाची कड आली, आणि मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, १५ तारखेला, त्यांनी मोकळ्या समुद्रात होड्या हाकारल्या. होडीत जागा नव्हती म्हणून उरलेली दोन कुत्री त्यांना काठावर मारावी लागली. एवढ्या प्रवासात माणसांबरोबर राबलेले ते मुके जीव मरून पडले, हे वाचताना अजूनही बरे वाटत नाही. नोवाया झेम्ल्याच्या किनाऱ्यावर २४ ऑगस्टला ‘निकोलाय’ नावाच्या रशियन जहाजाने त्यांना घेतले, आणि ३ सप्टेंबर १८७४ रोजी ते नॉर्वेतील वार्डो येथे उतरले. क्रिश वगळता सारे जिवंत परतले. म्हणजे रोजनिशीतली नोंद मनापासूनची होती, पण वस्तुस्थितीला धरून नव्हती. वाइप्रेख्टने जुलैत सर्वांना एकत्र बोलावून, हृदय उघडून ‘आपण संपलो’ असे सांगितले असते, तर त्याला आपण प्रामाणिक म्हटले असते. पण त्याने त्यांना सांगितलेली ती गोष्ट खरी नव्हती. आणि ऐकणारे मागे फिरले असते, तर बहुधा ती खरी ठरली असती. निराशेची ही खोडच आहे. ती डोळ्यांपुढच्या वस्तूचे रूप घेऊन येते, म्हणून तिला ‘वास्तव’ म्हणण्याची घाई होते. खरे पाहता तो अंदाज असतो, दमलेल्या माणसाने केलेला. अक्वायनस आशेचा विषय सांगताना म्हणतात, की तो कठीण असतो पण शक्य असतो. ‘परिस्थिती पालटली नाही तर’ एवढी जागा वाइप्रेख्टने रोजनिशीतही सोडली होती. त्या एवढ्याशा जागेच्या बळावर तो चेहरा उभा होता.

याचा अर्थ आजाऱ्याच्या खोलीतले आमचे चेहरे निर्दोष ठरले काय? मला तसे वाटत नाही, आणि वरील दाखला त्यासाठी कोणी वापरू नये म्हणून स्पष्ट लिहितो. तैलाभ्यंग संस्कारासाठी गेलेल्या प्रत्येक धर्मगुरूला उंबरठ्यावर ही विनंती ऐकावी लागते: फादर, त्यांना काही कळू देऊ नका. प्रेमापोटीच ती केलेली असते. पण बर्फावरच्या खलाशाला बर्फ दिसत होते. खाटेवरच्या माणसापासून त्याचा स्वतःचा रिपोर्ट लपविलेला असतो. तो आमचा अंदाज नव्हे. ती त्याच्या देहाची हकीकत आहे, आणि ती जाणण्याचा पहिला हक्क त्याचा आहे. ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही त्याला ते सांगण्याचे बंधन कोणावर नाही, असे ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये म्हटले आहे. पण मरणाऱ्या माणसाला स्वतःच्या मरणाविषयी हक्क नाही, असे कोण म्हणेल? त्याला कोणाची क्षमा मागावयाची असेल, भावाशी तुटलेले बोलणे जोडावयाचे असेल, प्रायश्चित्त घ्यावयाचे असेल, वाटणीचा कागद करावयाचा असेल. ‘पुढच्या महिन्यात घरी जाणार हां बाबा’ असे म्हणणारा मुलगा वाइप्रेख्टसारखा वागत नाही. तो नसलेले पाणी दाखवितो. उलट, रिपोर्ट उघड्यावर आहे, बाबांना सर्व ठाऊक आहे, आणि तरीही मुलगी रोज सकाळी केस विंचरून, हसऱ्या तोंडाने पेजेची वाटी घेऊन येते, रडते ती मागल्या पडवीत. तिला कोणी लबाड म्हणू नये.

तरीही वाइप्रेख्टच्या वागण्यात एक खुपणारी गोष्ट राहते, आणि ती खोटेपणाची नव्हे. गेथशेमनी बागेत प्रभू येशूने निर्विकार चेहरा ठेवला नाही. आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, हे त्याने उघड सांगितले. सर्वांना मात्र सांगितले नाही. आठ जणांना एका जागी बसविले, आणि पेत्र, याकोब व योहान या तिघांना पुढे नेऊन त्यांच्यापाशी तो बोलला. ते झोपी गेले, ही गोष्ट वेगळी. सांगणे झाले होते. ज्याच्यावर पुष्कळांचा भार आहे त्याने आपले दुःख चव्हाट्यावर मांडू नये हे खरे, परंतु त्याला कोणी तिघे तरी असावेत. वाइप्रेख्टने त्या बर्फावर आपला भार टाकला तो वहीवर. त्याच्या बरोबरीचा असा माणूस म्हणजे पायर, आणि त्या दोघांचे पटत नव्हते. एका जहाजावर दोन धनी, त्यात एकाचा स्वभाव अग्नीसारखा आणि दुसऱ्याचा थंड, दोन वर्षांची कोंडी. दोघांत इतके वितुष्ट आले होते, की एकमेकांशी साधे बोलणेही अवघड व्हावे. कोणाचा दोष किती, याचा हिशेब मी मांडणार नाही. परंतु धर्मगुरूंच्या घरांत, कॉन्व्हेंटांत आणि पुष्कळ विवाहित घरांतही हे चित्र अनोळखी नाही: एका छताखाली दोन माणसे, आणि मनातले ऐकायला फक्त वही.

व्हिएन्नात दोघांचे प्रचंड स्वागत झाले. ते फार टिकले नाही. पायरने खरोखर एवढी भूमी पाहिली काय, अशी कुजबुज सैन्याधिकाऱ्यांत सुरू झाली आणि त्याच वर्षी त्याने सैन्य सोडले. पायरच्या नकाशाची एक गोष्ट येथे सांगावयास हवी. उत्तर टोकावरून त्याला दूरवर आणखी दोन भूमी दिसल्या. त्यांना त्याने पेटरमान व राजा ऑस्कर यांची नावे दिली. पुढे १८९५ मध्ये नान्सेन त्या बाजूने आला, त्याच्या मागून इतर आले. तेथे भूमी नव्हती. पायर खोटे बोलला काय? अक्वायनसांच्या मोजमापाने, नाही. जे त्याला दिसले तेच त्याने लिहिले. मन आणि वाणी यांत फूट पडली की असत्यभाषण होते. डोळे फसले तर ती चूक होते. एकाने आपल्याला दिसलेली जमीन सांगितली आणि ती नव्हती, दुसऱ्याने आपल्याला दिसलेले मरण सांगितले नाही आणि तेही नव्हते.

वाइप्रेख्टने कीर्तीकडे पाठ फिरविली. कोण किती अंश उत्तरेला गेला या शर्यतीने ज्ञानाला काडीचाही लाभ होत नाही, निरनिराळ्या राष्ट्रांनी ध्रुवाभोवती ठाणी उभारून एकाच वेळी, एकाच रीतीने हवामानाच्या व चुंबकत्वाच्या नोंदी घ्याव्यात, असे त्याने १८७५ साली ग्राझ येथे शास्त्रज्ञांच्या सभेत मांडले. स्वतः एवढा पराक्रम करून आलेल्या माणसाने पराक्रमाविरुद्ध बोलावे, हे पुष्कळांना रुचले नाही. त्याच्या कल्पनेतून १८८२-८३ चे पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुववर्ष साकार झाले. ते पाहण्यास तो उरला नाही. २९ मार्च १८८१ रोजी क्षयाने त्याचे निधन झाले. वय अवघे बेचाळीस.

पायरने सैन्य सोडल्यावर वयाच्या पस्तिशीनंतर, विद्यार्थ्यांच्या रांगेत बसून, चित्रकलेचे शिक्षण घेतले. आधी फ्रँकफुर्टला, मग म्युनिकला. पुढे काही वर्षे तो पॅरिसला राहिला. त्याला आता बर्फ रंगवायचे होते, आणि बर्फात मरणारी माणसे. १८४५ साली निघालेल्या जॉन फ्रँकलिनच्या मोहिमेतील १२९ जणांपैकी एकही परतला नव्हता. त्यांच्या अखेरीवर त्याने मोठी चित्रे काढली. मधल्या काळात त्याचा एक डोळा गेला. चित्रकाराचा डोळा जाणे म्हणजे काय, हे निराळे लिहावयास नको. उरलेल्या एका डोळ्याने तो रंगवीत राहिला.

१८९२ साली त्याने आपल्या स्वतःच्या मोहिमेतील प्रसंग चित्रासाठी घेतला. निवडीला त्याच्यापाशी पुष्कळ काही होते. दोर कापून धावत सुटलेला पायर होता. ८२ व्या अंशापाशी निशाण रोवणारा पायर होता. धुक्यातून प्रथम दिसलेली भूमी होती. त्याने यांतले काहीच त्या भव्य पटावर घेतले नाही. त्याने घेतला तो जुलै महिन्यातला दिवस. थकून गेलेली माणसे बर्फावर पडली आहेत, मागे दूर जहाज दिसते आहे, आणि मध्ये वाइप्रेख्ट उभा आहे, हातात बायबल घेऊन, माणसांना जहाजाकडे परतण्यापासून परावृत्त करीत. ‘मागे कधीच नाही’ असे त्या चित्राचे नाव आहे. ते व्हिएन्नातील लष्करी इतिहासाच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

चित्रात चेहराच रंगविता येतो, रोजनिशी रंगविता येत नाही. त्या चेहऱ्यासमोर महिनेच्या महिने अबोल्यात काढलेल्या माणसाने तो रंगविला. तेव्हा वाइप्रेख्टला जाऊन अकरा वर्षे झाली होती.